हिममानवाचा ठसा आणि गावच्या ग्रुपवरचा फोटो : पुरावा म्हणायचं कशाला?

२९ एप्रिल २०१९. मुंबईत लोकसभेचं मतदान होतं. गिरगाव, लालबाग, परळ, दादर इथल्या शाळांबाहेर रांगा लागल्या होत्या. आपल्या तालुक्यांतून पोटापाण्यासाठी तिकडे गेलेला चाकरमानीही त्या रांगेत उभा होता. बोटावरची शाई वाळते न वाळते तोच रात्री मोबाईलवर वेगळीच बातमी येऊन पडली. भारतीय लष्कराच्या अधिकृत ट्विटर खात्यावर बर्फातल्या ठशांचे फोटो होते. लष्कराच्या गिर्यारोहण पथकाला ९ एप्रिलला नेपाळमधल्या मकालू शिखराच्या तळाजवळ 'यती' म्हणजे हिममानवाच्या पावलांचे गूढ ठसे दिसले, असं त्यात म्हटलं होतं. मापही दिलं होतं : ३२ इंच लांब, १५ इंच रुंद.

सकाळपर्यंत निवडणुकीच्या टक्केवारीपेक्षा या ठशांचीच चर्चा जास्त. कुणी चेष्टा केली, कुणी 'लष्कर सांगतंय म्हणजे असणारच' असं म्हटलं. नेपाळच्या लष्कराकडून मात्र लगेच थंड पाण्याचा शिडकावा झाला. पथकासोबतचे भरिये आणि स्थानिक लोक हे ठसे अस्वलाचे असल्याचं सांगतात, त्या भागात अस्वलाचा वावर असतो, असं तिकडून कळवण्यात आलं.

या गोष्टीला काही वर्षं झाली. मग आता हा विषय कशाला काढायचा? कारण त्या वेळी ठसे निदान खऱ्या बर्फातले होते. आता फोटो तयार करायला बर्फही लागत नाही आणि प्राणीही. मोबाईलवर दोन ओळी लिहिल्या की शाळेच्या पटांगणात बिबट्या उभा करता येतो. एसटी स्टँडवर, ग्रामपंचायतीच्या आवारात, कुणाच्या तरी गोठ्याशी उभा असलेला बिबट्या ग्रुपवर फिरतो आणि वनविभागाचे कर्मचारी काठ्या-जाळ्या घेऊन धावतात. तिथं जाऊन पाहावं तर काहीच नसतं. उद्या त्याच पद्धतीनं कुणी 'सह्याद्रीत दिसला केसाळ माणूस' असा व्हिडिओ टाकला, तर आपण काय बघून ठरवणार खरं की खोटं? हिममानवाची शंभर वर्षांची कहाणी इथं कामाला येते. एखाद्या दाव्याची तपासणी कशी होते आणि ती कुठं घसरते, दोन्ही तिच्यात पुरेपूर आहे.

आधी साधा हिशेब

३२ इंच म्हणजे जवळपास ८१ सेंटीमीटर. माणसाच्या पावलाची लांबी त्याच्या उंचीच्या साधारण १५ टक्के असते. हेच प्रमाण लावलं तर ३२ इंची पावलाचा धनी १७ ते १८ फूट उंच निघतो. लालबागच्या जुन्या चाळीचा तळमजला आणि त्यावरचा पहिला मजला मिळून जेवढी उंची होईल, जवळपास तेवढी. एवढं धूड चालतं, खातं, झोपतं, पिल्लं वाढवतं, आणि त्याची विष्ठा नाही, हाड नाही, मेलेलं शव नाही. फोटो नीट पाहिले तर आणखी एक गोष्ट दिसते. ठसे एकामागोमाग एक, एकाच रांगेत आहेत. दोन पायांवर चालणारा प्राणी डावं-उजवं पाऊल थोडं अंतर ठेवून टाकतो.

मग एवढा मोठा ठसा येतो कुठून? त्याचं उत्तर गूढ नाही. अस्वल चालताना मागचा पाय बऱ्याचदा पुढच्या पायाच्या ठशावर किंवा त्याच्या जरा मागे पडतो. दोन ठसे एकमेकांत मिसळले की एकच लांब पाऊल वाटतं. त्यात अस्वलाचा मागचा तळवा टाच टेकवणारा, माणसासारखा. वरून ऊन पडलं की ठशाच्या कडा वितळतात, ठसा पसरतो, बोटं रुंद होतात. रात्री तो पुन्हा गोठतो. दोन दिवसांनी पाहणाऱ्याला तिथं राक्षसाचा पाय दिसतो. आपल्याकडे भातखाचरातल्या ओल्या चिखलात कुत्र्याचा पाय दुसऱ्या दिवशी बिबट्याचा वाटतो, त्यातलाच हा प्रकार.

नावातच घोळ

हिममानव जगभर गाजला तो १९२१ मध्ये. ब्रिटिशांची एव्हरेस्टची पहिली टेहळणी मोहीम चार्ल्स हॉवर्ड-बरी यांच्या नेतृत्वाखाली गेली होती. एका उंच खिंडीजवळ त्यांना ठसे दिसले. हॉवर्ड-बरी यांचं स्वतःचं मत, ते लांडग्याचे असावेत आणि मऊ बर्फात मोठे झाले असावेत. सोबतच्या शेर्पांनी मात्र आपल्या भाषेत रानमाणसाचं नाव घेतलं. पुढं कलकत्त्याच्या 'स्टेट्समन'मध्ये लिहिणाऱ्या हेन्री न्यूमन या पत्रकारानं भरियांकडून ऐकलेल्या नावाचं भाषांतर केलं आणि त्यातून 'किळसवाणा हिममानव' अशा अर्थाचं इंग्रजी नाव जन्माला आलं. भाषांतर सैल होतं, पण नाव चटपटीत होतं. मोहिमेच्या प्रमुखाचं लांडग्याचं मत मागं पडलं आणि नाव पुढं गेलं.

बातमीच्या धंद्यातल्या सगळ्यांनी हे लक्षात ठेवावं असं आहे, आमच्यासारख्या तालुका पातळीवरच्या पोर्टलनं तर नक्कीच. मथळा एकदा सुटला की त्याच्यामागे खुलाशाला धावत जाता येत नाही.

पुढचा टप्पा १९५१ चा. एरिक शिप्टन या नामांकित गिर्यारोहकानं मेनलुंग हिमनदीवर ठशांचे फोटो काढले. शेजारी बर्फाची कुऱ्हाड ठेवलेली, ठसा साधारण तेरा इंचांचा, अंगठा ठळक. आजही यतीचा विषय निघाला की हाच फोटो दाखवतात. शिप्टन हा ऐरागैरा नव्हता आणि मापासाठी शेजारी वस्तू ठेवायचं भान त्याला होतं, म्हणून त्या फोटोला वजन आलं. १९५४ मध्ये 'डेली मेल' या लंडनच्या वृत्तपत्रानं खास यती शोधायला मोहीम पाठवली. तिच्यात भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे विश्वमय विश्वास हे शास्त्रज्ञही होते. यती काही सापडला नाही. १९५९ मध्ये काठमांडूच्या अमेरिकी वकिलातीनं यती शोधायला येणाऱ्यांसाठीचे नियमसुद्धा कागदावर आणले : नेपाळ सरकारला परवान्याचे पाच हजार रुपये भरा, दिसला तर फोटो काढा किंवा जिवंत धरा, जिवावर बेतल्याशिवाय मारू नका, आणि मिळालेला पुरावा आधी नेपाळ सरकारकडे द्या. सापडायच्या आधीच फी ठरली होती.

हाताला लागलेल्या वस्तूंचं काय झालं?

ठसे वितळतात, पण केस, कातडी, हाड टिकतं. अशा वस्तू खरोखर मिळाल्या आणि तपासल्याही गेल्या. त्यांचं काय निघालं ते क्रमानं पाहू.

नेपाळच्या खुमजुंग गावच्या गोंपात यतीची म्हणून एक 'टाळू' जपून ठेवलेली होती. एव्हरेस्टवीर एडमंड हिलरी १९६०-६१ च्या मोहिमेत ती गावकऱ्यांच्या परवानगीनं, गावच्या एका वडीलधाऱ्याला सोबत घेऊन परदेशात तपासायला घेऊन गेले. ती सेरो नावाच्या डोंगरी बोकडासारख्या प्राण्याच्या कातड्याची निघाली. पांगबोचे गोंपातलं 'यतीचं बोट' लंडनला पोचलं होतं. २०११ मध्ये त्याची डीएनए तपासणी झाली. ते माणसाचं बोट निघालं.

आपल्याच देशात मेघालयच्या गारो टेकड्यांत 'मांदे बारुंग' म्हणजे रानमाणसाची समजूत जुनी आहे. तिथं मिळालेले केस २००८ मध्ये इंग्लंडला तपासणीसाठी गेले. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर पहिल्यांदा त्यांची ओळख पटेना, तेव्हा मोठी खळबळ उडाली. डीएनए तपासणीत ते हिमालयीन गोरल या शेळीच्या जातकुळीतल्या प्राण्याचे ठरले. 'ओळख पटली नाही' आणि 'नवा प्राणी सापडला' या दोन वाक्यांत किती अंतर आहे, ते इथं कळतं.

२०१४ मध्ये ऑक्सफर्डचे ब्रायन साइक्स यांनी जगभरातून असे केस मागवले. लडाख आणि भूतानचे दोन नमुने ध्रुवीय अस्वलाच्या प्राचीन नमुन्याशी जुळतात, असं त्यांनी जाहीर केलं आणि पुन्हा मथळे झळकले. दुसऱ्या शास्त्रज्ञांनी तीच माहिती पुन्हा तपासली तेव्हा त्यात चूक निघाली. केस हिमालयातल्या तपकिरी अस्वलाशी जुळणारे होते. २०१७ मध्ये शार्लट लिंडक्विस्ट यांच्या गटानं यतीचे म्हणून जपलेले नऊ नमुने तपासले. आठ अस्वलांचे, एक कुत्र्याचा. अस्वलांच्या उत्क्रांतीबद्दल मात्र त्यातून चांगली माहिती मिळाली. यती शोधायला गेले आणि दुर्मिळ अस्वल हाती लागलं. तोटा काहीच झाला नाही.

मानणाऱ्यांची बाजूही ऐका

एवढं झाल्यावर 'सगळं थोतांड' म्हणून फाईल बंद करणं सोपं आहे. पण दुसऱ्या बाजूचे मुद्दे तेवढे पोकळ नाहीत.

पहिला मुद्दा असा की महाकाय वानर खरोखर होऊन गेला. १९३५ मध्ये फॉन कोनिग्सवाल्ड या शास्त्रज्ञाला हाँगकाँगच्या औषधाच्या दुकानात एक अवाढव्य दाढ मिळाली. त्यातून 'जायगँटोपिथेकस' या वानराचा पत्ता लागला. त्याचाच दूरचा भाऊबंद शोभेल असा जबडा १९६० च्या दशकात हिमाचल प्रदेशात बिलासपूर जिल्ह्यातल्या हरितल्यांगर परिसरातून अभ्यासकांच्या हाती आला. म्हणजे भारतातही असा मोठा वानर होता. हे शंभर टक्के खरं. पण पुढचं वाचा. चीनमधला महाकाय वानर सुमारे दोन-तीन लाख वर्षांपूर्वी संपला, आणि तो राहायचा घनदाट जंगलात, फळं-पाला खाऊन. मकालूच्या बर्फात त्यानं खायचं काय?

दुसरा मुद्दा, हिमालय अफाट आहे, सगळा कुणी पाहिलाय? हेही खरं. पण एकटा यती शंभर वर्षं जगत नाही. टिकायचं तर नर, मादी, पिल्लं असा कळप हवा, आणि तोही पिढ्यान् पिढ्या. त्याच हिमालयात स्वयंचलित कॅमेऱ्यांनी हिमबिबट्या टिपलाय. हिमबिबट्यासारखा लाजाळू, उंचावर फिरणारा, माणसाला टाळणारा प्राणी कॅमेऱ्यात येतो आणि १८ फुटी केसाळ धूड येत नाही, याचं उत्तर मानणाऱ्यांनी द्यायला हवं.

तिसरा मुद्दा सगळ्यात वजनदार. गावकरी, गुराखी, शिकारी जे सांगतात त्याला शहाणेसुरते हसतात, आणि नंतर तेच खरं निघतं. हे अनेकदा झालंय. त्यासाठी हिमालयात जायला नको. मुंबईत फोर्टात गेलं तरी पुरे.

फोर्टातली कपाटं

सीएसएमटीला उतरून काळा घोड्याच्या बाजूला चालत गेलं की शहीद भगतसिंग मार्गावर हॉर्नबिल हाऊस लागतं. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी, म्हणजे बीएनएचएस, या संस्थेचं हे घर. संस्था १८८३ ची. सलीम अली यांनी आयुष्य घातलं ते इथंच. इथल्या कपाटांत पक्षी, प्राणी, सरपटणारे जीव, कीटक यांचे लाखाच्या वर नमुने जपलेले आहेत. प्रत्येकाला चिठ्ठी : कुठं मिळाला, कधी मिळाला, कुणी आणला. दावा आणि पुरावा यातला फरक एका वाक्यात सांगायचा तर तो या चिठ्ठीत आहे.

आंध्रातल्या कडप्पा भागात 'जेर्डनचा धाविक' हा पक्षी होता. १९०० नंतर त्याची नोंद नव्हती. संपला असंच धरलं गेलं होतं. बीएनएचएसच्या लोकांनी त्याची चित्रं घेऊन गावोगाव विचारपूस केली. स्थानिक माणसं म्हणाली, आहे की, आम्ही रात्री बघतो. १९८६ मध्ये तिथल्याच एका शिकाऱ्यानं रात्री बॅटरीच्या उजेडात तो धरून आणला. पक्षी जगला नाही, पण त्याचा नमुना मुंबईला आला. विद्वानांच्या ८६ वर्षांच्या 'नाही'पेक्षा गावच्या माणसाचं 'आहे' भारी ठरलं. मात्र ते भारी ठरलं पक्षी हातात आल्यावर.

दुसरं उदाहरण आपल्याच राज्यातलं, रानपिंगळ्याचं. जेम्स डेव्हिडसन या ब्रिटिश अधिकाऱ्यानं १८८० च्या दशकात खानदेशातून या छोट्या घुबडाचे नमुने गोळा केले होते. त्यानंतरची नोंद म्हणून रिचर्ड माइनर्ट्झहागेन या बड्या लष्करी अधिकाऱ्यानं गुजरातेत मांडवीजवळ १९१४ मध्ये मिळवलेला नमुना दाखवला जायचा. त्या नोंदीवर विसंबून लोकांनी शोध घेतला, घुबड मिळालं नाही. पामेला रासमुसेन या अमेरिकी पक्षितज्ज्ञ बाईंनी तो नमुना बारकाईनं तपासला आणि लबाडी उघडी पडली. तो संग्रहालयातून लांबवलेला डेव्हिडसनचाच नमुना होता. पुन्हा पेंढा भरून, नवी चिठ्ठी लावून स्वतःचा म्हणून खपवलेला. खोटी चिठ्ठी बाजूला काढल्यावर खऱ्या जागा कोणत्या ते कळलं. नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन आणि त्यांच्या साथीदारांना शहाद्याजवळच्या जंगलात रानपिंगळा जिवंत दिसला. ११३ वर्षांनी! फोटो आणि चित्रीकरण दोन्ही झालं. आता मेळघाटापासून तानसापर्यंत तो नोंदला गेलाय.

इथं मोठा माणूस खोटा निघाला आणि कपाटातल्या जुन्या चिठ्ठ्यांनी खरं सांगितलं. 'एवढा मोठा माणूस सांगतोय' हा पुरावा नसतो, मग तो लष्करी अधिकारी असो, पुढारी असो, नाहीतर मुंबईहून आलेला नातेवाईक असो.

तिसरं उदाहरण तर थेट माकडाचं. अरुणाचलच्या तवांग आणि पश्चिम कामेंग भागातले मोन्पा लोक एका माकडाला 'मुन झाला', म्हणजे गर्द रानातलं माकड, म्हणायचे. म्हैसूरच्या नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशनशी संबंधित अनिंद्य सिन्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते माकड विज्ञानाला नवीन असल्याचं २००५ मध्ये शोधनिबंधातून मांडलं. नाव ठेवलं मकाका मुंझाला. तिथं माकड मारलं नाही. फोटोंच्या आधारे वर्णन केलं. पण फोटो कसे? कळप पुन्हा पुन्हा पाहून, शेपटीची लांबी, चेहऱ्याच्या खुणा, इतर माकडांशी तुलना करून. पुढं इतर अभ्यासकांनीही जाऊन तेच पाहिलं. म्हणजे हिमालयात माकडाची नवी जात सापडू शकते. एकविसाव्या शतकात सापडलीसुद्धा. यतीची अडचण एवढीच की तो दुसऱ्यांदा, दुसऱ्या माणसाला, मोजता येईल असा दिसत नाही.

आकडा कुणी मोजला?

आता जरा घराजवळ येऊ. डिसेंबर २०२१ मध्ये बीड जिल्ह्यातल्या माजलगाव तालुक्यातलं लवूळ गाव जगभर गाजलं. वानरांनी सूड म्हणून अडीचशे कुत्री मारली, अशी ती बातमी. परदेशी वृत्तपत्रांनीही छापली. वानरं कुत्र्यांची पिल्लं उचलून उंचावर नेतात, हा गावकऱ्यांचा अनुभव होता. वनविभागानं दोन वानरं पकडून नेली, हेही खरं. पण अडीचशे हा आकडा लोकांच्या सांगण्यातून आला होता, आणि 'सूड' हा शब्द तर माणसांनी वानरांच्या तोंडी घातलेला. गावाची अडचण खरी असताना तिला अतिशयोक्तीचा मुलामा चढला, की पुढच्या वेळी गावानं खरी तक्रार केली तरी वरचे लोक हसतात. नुकसान गावाचंच.

अफवेची किंमत

हिममानव बर्फात आहे तोवर तो करमणूक आहे. वस्तीत उतरला की काय होतं ते दिल्लीनं मे २००१ मध्ये पाहिलं. उकाडा, लोडशेडिंग, लोक गच्चीवर झोपलेले. 'काला बंदर' आला, ओरबाडून गेला, अशा तीनशेहून अधिक तक्रारी पोलिसांकडे झाल्या. कुणी म्हणे चार फुटी, कुणी म्हणे सहा फुटी. कुणी हेल्मेट पाहिलं, कुणी लोखंडी नखं, कुणी छातीवरची बटणं. पोलिसांनी रेखाचित्रं काढली, बक्षीस लावलं. तपासात असा कोणताही प्राणी निघाला नाही. पण घाबरून पळताना, छतावरून, जिन्यावरून पडून माणसं मात्र गेली. न सापडलेल्या माकडापायी खरी माणसं मेली.

मुंबईचा इतिहासही याला अपवाद नाही. १८९६ मध्ये शहरात प्लेग आला तेव्हा इस्पितळात माणसाला मारून त्याच्या शरीरातून 'मोमिआई' नावाचं औषध काढतात, अशी अफवा पसरली. २९ ऑक्टोबर १८९६ ला हजारेक गिरणी कामगारांचा जमाव आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेला. हेच आजचं कस्तुरबा रुग्णालय. कामगारांना मूर्ख म्हणून चालणार नाही. घरात घुसून माणसं उचलून नेणारं परकं सरकार, इस्पितळात गेलेला माणूस बहुतेक परत येत नाही, अशी परिस्थिती होती. भीतीला कारण होतं, मोमिआईला आधार नव्हता. मग लोक मुंबई सोडून गावाकडे पळाले. त्यांच्याबरोबर अफवाही आली आणि रोगही. तिकडे वाल्देमार हाफकिन यांनी जानेवारी १८९७ मध्ये आपली प्लेगची लस पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. पुढं परळला त्यांच्या नावाची संस्था उभी राहिली. भीतीवर त्यांनी भाषण दिलं नाही, स्वतःचा दंड पुढं केला.

लालबाग-परळ आणि आपले तालुके यांच्यातली ही वाट अजून तशीच आहे, फक्त बोटी आणि गाड्यांऐवजी मोबाईल आलाय. गावातला कुणी फोटो टाकतो, तो मुंबईतल्या मंडळाच्या ग्रुपवर जातो, तिथून चार ग्रुप फिरून पुन्हा गावात येतो. आता त्याच्यावर 'मुंबईवरून आलंय' असा शिक्का असतो. ज्या गावातून निघाला तिथंच तो दुसऱ्याची साक्ष बनून परततो. पाच जणांनी पाठवला म्हणजे पाच साक्षीदार झाले, असं आपण धरतो. प्रत्यक्षात साक्षीदार एकच, किंवा तोही नाही.

आणि याचं टोक आपण पाहिलंय. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावानं पाच जणांना ठेचून मारलं. सोलापूर जिल्ह्यातून आलेले, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागून पोट भरणारे ते लोक होते. कुठल्याही मुलाला त्यांनी पळवलेलं नव्हतं. अफवेत राक्षस कोण आहे, केसाळ वानर की परका माणूस, याला महत्त्व नसतं. अंगावर येते ती परक्या, गरीब, फाटक्या माणसाच्याच.

मग देवचाराचं काय?

इथं काही वाचक म्हणतील, उद्या तुम्ही आमचा वेताळ, देवचार, राखणदारही प्रयोगशाळेत न्याल. तसं नाही. कोकणात, गोव्यात वेताळाला वहाणा वाहतात, रात्री तो गावाच्या सीमेवर फिरतो अशी श्रद्धा आहे. त्या वहाणा कुणी डीएनएला पाठवा म्हणत नाही. कारण तिथं कुणी 'प्राणी सापडला' असा दावा करत नाही. ते गावाचं नातं आहे, रीत आहे. शेर्पांचा यतीही बराचसा असाच. डोंगराचा धाक, पोरांना एकट्यानं बर्फात न जाण्याची ताकीद. घोळ होतो तो त्याला मापं चिकटवली की. ३२ बाय १५ इंच म्हटलं की तो दावा झाला, आणि दाव्याला तपासणी लागू होते. श्रद्धेच्या आडून दावा खपवू नये, आणि दाव्याच्या नादात श्रद्धेची टिंगलही करू नये.

आपल्याकडं ठसा दिसला तर

आपल्या तालुक्यांत हिममानव येणार नाही. पण बिबट्या येतो, गवा येतो, काही भागांत अस्वल येतं. सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात वाघ असल्याचं लोक सांगत होते तेव्हा बरेच जण मान हलवायचे. मे २०१८ मध्ये स्वयंचलित कॅमेऱ्यानं त्याचा फोटो टिपला आणि वाद मिटला. म्हणून दिसलं तर गप्प बसू नका, पण नीट नोंदवा.

ठशाशेजारी पट्टी, काडेपेटी, नाणं, काहीतरी ठेवा आणि फोटो बरोबर वरून काढा. एकच ठसा नको, चार-पाच ठशांची रांग घ्या, दोन ठशांमधलं अंतर मोजा. पाऊस-ऊन येण्याआधी ठशावर घमेलं पालथं घाला. केस मिळाले तर कोरड्या कागदी पाकिटात ठेवा, प्लॅस्टिकमध्ये नको, ओल धरते. तारीख, वेळ, शिवाराचं नाव लिहा. फोटोची मूळ फाईल मोबाईलवर राहू द्या. फॉरवर्ड होत आलेल्या फोटोतून वेळ आणि जागा यांची नोंद निघून गेलेली असते. मग वनरक्षकाला किंवा वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. ग्रुपवर टाकायचं ते त्यानंतर.

हे सगळं गोठ्यातलं वासरू गेल्यावर फार उपयोगी पडतं. नुकसानभरपाईची फाईल पंचनाम्यावर चालते, आणि पंचनाम्यात ठसा, ओढत नेल्याची खूण, दातांच्या जखमा, जागा आणि वेळ बघतात. ज्या गावातून महिन्याला तीन खोटे बिबटे कळवले जातात, तिथं चौथ्या, खऱ्या बिबट्याच्या वेळी गाडी उशिरा पोचते. त्या रात्री गोठ्याच्या दारात बसून राहावं लागतं ते शेतकऱ्यालाच. फोटो बनवणारा तोवर दुसऱ्या ग्रुपवर गेलेला असतो.